बल्ब बदलण्याआधी

जर्मन कलाकार ऑटो पीनेच्या प्रकाशयंत्रातला (छिद्रांच्या फिरत्या पिंपातून खोलीभर उजेड हिंडवणाऱ्या यंत्रातला) बल्ब गेला तर काय करायचं, या प्रश्नावर संग्रहालयवाले, संग्राहक आणि समीक्षक यांच्यात दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही तट यंत्राकडे पाठ फिरवून भांडतात. पहिल्या तटाचं म्हणणं असं, की १९६० च्या दशकातला बल्ब, मोटर, स्विच यांतलं काहीही बदललं की कलाकृती संपली. तेव्हा यंत्र बंद करा, काचेआड ठेवा आणि शेजारी जुनी चित्रफीत लावा. दुसरा तट म्हणतो, मोल कल्पनेचं आहे. बाजारातला एलईडी लावा, नवी मोटर बसवा, बघणाऱ्याला काय फरक कळणार? माझ्या मते जपायची वस्तू दोघांनीही चुकीची धरली आहे. पीनेने घडवला तो उजेड: भिंतींवर, छतावर, उभ्या माणसांच्या अंगावर पडणारा, ठरावीक कडांचा, ठरावीक गतीने सरकणारा. पत्र्याचं छिद्रं पाडलेलं पिंप हे तो उजेड पाडण्याचं साधन. साधनाचे भाग झिजतात, ते बदलावेच लागतील; पण प्रत्येक बदल भिंतीवर तपासला पाहिजे. त्या तपासणीत बंद ठेवलेलं पिंप नापास होतं आणि दुकानातले बहुतेक एलईडी बल्बही नापास होतात.

भिंतीवर एवढा भर का, हे त्याच्या वाटचालीतून कळतं. पीनेचा जन्म १९२८ चा, वेस्टफालियातल्या लास्फेचा. शाळकरी वयात विमानवेधी तोफांवर जुंपलेल्या पिढीतला तो. त्या पिढीने रात्रीचं आकाश पाहिलं ते सर्चलाइटच्या झोतांनी चिरलेलं. युद्धानंतर म्युनिक आणि ड्युसेलडॉर्फला चित्रकला, कोलोनला तत्त्वज्ञान. १९५७ मध्ये त्याने आणि हाइन्झ माकने ड्युसेलडॉर्फच्या ग्लाडबाखर रस्त्यावरच्या स्टुडिओत एकेका संध्याकाळपुरती प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘झीरो’ हा गट उभा राहिला. त्याच वर्षीची त्याची जाळीची चित्रं पाहा: ठिपक्यांची छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यातून कॅनव्हासवर रंग दाबलेला. १९५९ मध्ये त्याने तसल्याच छिद्रांच्या पुठ्ठ्यांमागे हातात दिवे धरले आणि ते फिरवले. उजेडाचे ठिपके खोलीभर हिंडू लागले. हे पहिलं प्रकाशनृत्य, श्मेला गॅलरीत दाखवलेलं. त्याच सुमारास जाळीतून काजळी धरून धुराची चित्रं झाली. १९६० मध्ये हाताची जागा मोटरने घेतली. म्हणजे जाळी तीच राहिली, बदलत गेला तो तिच्यातून जाणारा पदार्थ: रंग, धूर, उजेड. चित्रकाराला जाळीपेक्षा जाळीपलीकडे काय उमटतं याची फिकीर होती, हे याहून स्पष्ट कसं व्हावं?

पुढचं थोडक्यात सांगता येतं. १९६१ मध्ये ग्युन्टर युकर गटात आला. १९६४ मध्ये कासेलच्या तिसऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात तिघांनी फ्रिडेरिचियानुम या इमारतीच्या माळ्यावर इटालियन कलाकार फोंतानाला अर्पण केलेली प्रकाशाची खोली उभारली, ती आता ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्टपालास्ट संग्रहालयात आहे. त्याच वर्षी पीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायला अमेरिकेत गेला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत प्रकाशनृत्याचं स्वतंत्र प्रदर्शन, १९६६ मध्ये ‘झीरो’ची अखेर, १९६८ पासून एमआयटीच्या दृश्यकला संशोधन केंद्रात, आणि १९७४ ते १९९३ त्याच केंद्राचा संचालक. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या समारोपाला हेलियम भरलेल्या नळ्यांचं इंद्रधनुष्य त्याचंच. १७ जुलै २०१४ रोजी बर्लिनमध्ये त्याचं निधन झालं, तिथल्या नॅशनल गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन सुरू होत असतानाच. या प्रवासातली एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे: त्याची यंत्रं अटलांटिकच्या दोन्ही काठांवर बनली, आणि दोन्ही काठांवरची वीज एकसारखी नाही.

आधी ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा भावनेचा नाही, पुराव्याचा आहे. १९६५ ची मोटर ही त्या काळाची नोंद असते. कलाकाराने कुठल्या भंगारातून काय उचललं, कोणता गिअर कोणत्या खेळण्यातला, तार कुठे घाईत जोडली, हे सगळं त्या पत्र्याच्या पोटात लिहिलेलं असतं. एकदा फेकलं की गेलं. हे मला पूर्ण मान्य आहे. हंगेरियन कलाकार मोहोली-नॉजचं १९३० चं प्रकाशयंत्र हे याचं उदाहरण: हार्वर्डच्या बुश-राइसिंगर संग्रहालयातल्या मूळ यंत्रात इतक्या वेळा दुरुस्त्या झाल्या, की मूळचं काय आणि नंतरचं काय हे वेगळं काढणं हेच एक संशोधन होऊन बसलं. शेवटी १९७० मध्ये दोन प्रतिकृती बनवल्या गेल्या, तेव्हा कुठे मूळ यंत्राला विश्रांती मिळाली.

पण पुरावा जपायचा म्हणजे यंत्र बंद ठेवायचं, हे कुठून आलं? काढलेला भाग पिशवीत घालून, तारीख आणि जागा लिहून, पेटीत ठेवला की पुरावा राहतोच. तो यंत्रातच राहिला पाहिजे असं नाही. आणि बंद पिंप काही सांगत नाही. स्ट्राडिव्हारीच्या व्हायोलिनींचं काय झालं ते बघा. आज वाजणाऱ्या जवळपास सगळ्या स्ट्राडिव्हारींची मान एकोणिसाव्या शतकात बदलून लांब केलेली आहे, आतली पट्टी जाड केलेली आहे, तारा तर किती वेळा बदलल्या याची गणती नाही. तरी तिला कोणी बनावट म्हणत नाही, कारण जो भाग नाद घडवतो, ती पाठ, तो पोटाचा फळा, तो जागेवर आहे. प्रश्न असा विचारायला हवा, की या यंत्रात नादाचा फळा कोणता आणि तार कोणती. पीनेच्या पिंपात छिद्रांची मांडणी, पत्र्याचा व्यास, दिव्याची उंची आणि फिरण्याची गती हा फळा आहे. बल्ब, कार्बन ब्रश, तेल, वायर या तारा आहेत. (एकेक करून सगळ्या फळ्या बदललेल्या थिसियसच्या जहाजाचं कोडं इथे हटकून काढलं जातं. ते जहाज ‘तेच’ आहे का, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न. कामगाराला आधी हे कळायला हवं, की जहाज पाण्यावर नीट चालतंय का.)

न बदलण्याचा हट्ट धरला तर हिशेबही जुळत नाही. संग्रहालय दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस उघडं धरलं, तर यंत्र वर्षात २,४०० तास चालतं. साध्या फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य साधारण १,००० तास. म्हणजे प्रत्येक होल्डरमधला बल्ब वर्षातून दोन-तीनदा जाणार, हे पीनेच्या काळीही ठरलेलंच होतं. बल्ब ही त्याने बदलण्यासाठीच लावलेली वस्तू होती. मोटरचं तसं नाही, म्हणून तिथे वेळेचं रेशन लावणं शहाणपणाचं: तासातून १० मिनिटं चालवली तर तेच २,४०० तास ४०० वर येतात. बाझेलच्या टिंग्युली संग्रहालयात बटण दाबलं की यंत्र थोडा वेळ चालतं, मग सक्तीची विश्रांती घेतं. लोक कुरकुरतात, पण यंत्र टिकतं. मात्र विश्रांतीची वेळ पाटीवर लिहा. नाहीतर आलेला माणूस बंद पिंप पाहून निघून जातो आणि पीने म्हणजे पत्र्याचं शिल्प, असं समजून जातो.

आता दुसरा तट. यांची बाजू मला जास्त बलवान वाटते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवायला हवा. फिलामेंटचा बल्ब खाल्लेल्या विजेतली जेमतेम पाच टक्के उजेडात देतो, बाकी उष्णता. बंद पत्र्याच्या पिंपात ती उष्णता वायरवरचं प्लॅस्टिक कडक करून तडकवते, बेकेलाइटचे होल्डर भुसभुशीत करते, वंगण सुकवते, रंग पिवळवते. जुन्या यंत्रांत अर्थिंग नसतं. बाहेरचा पत्रा हाताला लागणार असेल तर हा नुसता सौंदर्यशास्त्राचा विषय राहत नाही. जुन्या मोटरच्या कपॅसिटरात आणि ट्यूबच्या चोकमध्ये विषारी पीसीबी तेल असू शकतं, तो भाग काढलाच पाहिजे, त्यावर वादच नको. शिवाय बल्ब मिळायचे बंद होत आहेत: युरोपीय संघाने २००९ ते २०१२ या काळात घरगुती फिलामेंटचे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले, २०१८ मध्ये बहुतेक हॅलोजन गेले, आणि अमेरिकेतही २०२३ पासून साध्या बल्बची विक्री थांबली. (मधल्या काळात जर्मनीत कोणीतरी हेच बल्ब ‘छोटी शेगडी’ म्हणून विकायला काढले होते. थट्टा होती, पण पाच टक्क्यांचा हिशेब पाहता अगदीच खोटी नव्हती.) विशेष कामांच्या दिव्यांना सूट आहे, जुना साठा मिळतो, छोटे कारखाने बनवून देतात, पण हे अनंतकाळ चालणार नाही. तेव्हा एलईडी कधी ना कधी येणार, हे धरूनच बोलायला हवं. माझं भांडण ‘काय फरक पडतो’ या वाक्याशी आहे. फरक पडतो, आणि तो मोजता येतो.

छिद्राचं गणित घ्या. समजा, दिवा पिंपाच्या मध्यावर आहे, पत्रा त्याच्यापासून १० सेंटिमीटरवर आणि भिंत ३ मीटरवर. प्रत्येक छिद्र हा सुईछिद्राचा कॅमेरा होतो आणि भिंतीवर दिव्याचीच उलटी प्रतिमा पाडतो, सुमारे २९ पट मोठी. पारदर्शक काचेच्या बल्बमधलं फिलामेंट २ सेंटिमीटर पसरलेलं असेल, तर भिंतीवर ५८ सेंटिमीटरची तेजस्वी कमान उमटते. छिद्र ५ मिलिमीटरचं असेल तर तिची जाडी साधारण १५ सेंटिमीटर. दोन छिद्रांत ३ सेंटिमीटर अंतर असेल तर भिंतीवर दोन कमानींचे मध्य ९० सेंटिमीटरवर पडतात, आणि मध्ये काळोख उरतो. तो काळोख कामाचा आहे. त्याच्याशिवाय हालचाल दिसतच नाही. आता त्याच होल्डरमध्ये ६ सेंटिमीटर व्यासाचा दुधी एलईडी लावा. उजेडाचा उगम आता सगळा गोळा आहे. एकेक ठिपका पावणेदोन मीटरचा होतो, शेजारच्या ठिपक्यांवर चढतो, आणि भिंत पिठूळ होऊन जाते. पिंप फिरतंय, पण भिंतीवर काही फिरत नाही. दिवाळीच्या जाळीदार आकाशकंदिलात दुधी बल्ब लावल्यावर ओसरीतली नक्षी नाहीशी होते, ते याच कारणाने.

मग ‘फिलामेंटसारखा दिसणारा’ एलईडी? तो तर आणखी फसवा. त्यात ३ ते ४ सेंटिमीटरच्या पिवळ्या पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात. बल्बकडे पाहिलं तर जुन्यासारखा भासतो, म्हणून खरेदी करणारा खूश. भिंतीवर मात्र प्रत्येक छिद्रातून मीटरभर लांबीच्या दोन-चार समांतर रेघा पडतात. हाताने छिद्रं पाडणाऱ्या माणसाने अशा रेघा कधी मागितल्या होत्या? तिसरा मार्ग म्हणजे काही मिलिमीटरची एकच एलईडी चकती फिलामेंटच्या उंचीवर बसवणं. कड नेमकी मिळते, पण चकती एकाच बाजूला उजेड टाकते आणि अर्धं पिंप आंधळं राहतं. दोन चकत्या पाठीला पाठ लावल्या तर बहुतेक छिद्रांना एकेकच दिसते, पण शिवणीवरच्या छिद्रांतून दुहेरी प्रतिमा येते. ही अडचण सोडवता येते: मध्ये पातळ आडवा पडदा, चकतीची जागा मिलिमीटरने सरकवणं. पण ती सोडवावी लागते, बल्ब फिरवून बसवल्याने सुटत नाही.

दुसरा फरक विझण्याचा. पीनेच्या १९६५ च्या ‘इलेक्ट्रिक रोझ’मध्ये ॲल्युमिनियमच्या गोलावर १६० निऑन दिवे ठरावीक क्रमाने पेटतात. निऑन तत्काळ पेटतो, तत्काळ विझतो, त्यामुळे तिथला ताल तुटक आहे आणि तो तसाच हवा. फिलामेंटच्या यंत्रांत मात्र कॅमचा (उंचवट्यांच्या फिरत्या चकतीचा) टायमर सर्किट तोडतो तेव्हा तार एकदम काळी पडत नाही; लालसर होत, सेकंदाचा काही भाग घेत विझते, आणि तोवर पुढचं सर्किट उजळायला लागलेलं असतं. दोन उजेडांचं हे एकमेकांवर चढणं कॅमवर कोरलेलं नाही, ते टंगस्टनच्या अंगात आहे. एलईडी लावला की कॅम तोच, वेळ तीच, पण श्वासासारखा ताल जाऊन लुकलुकाट उरतो. वर टायमरच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी दाबायला कपॅसिटर बसवलेला असेल, तर त्यातून झिरपणाऱ्या करंटवर एलईडी पूर्ण विझतच नाही. भुतासारखा मिणमिणत राहतो. ‘झीरो’च्या १९६१ च्या अंकात पीनेने लिहिलं होतं, की रात्रीच्या आकाशात उजेडाचा खेळ मांडण्याचं काम आपण आजवर युद्धावर सोडून दिलं. तोफखान्याच्या लखलखाटात वाढलेल्या माणसाने संथ, एकमेकांत मिसळणारा उजेड निवडला असेल, तर तो संथपणा हा तपशील मानायचा की गाभा?

याला उपाय आहे. जुन्या दिव्याचं पेटणं-विझणं प्रकाशमापकाने नोंदवायचं आणि तोच आलेख एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये घालायचा. मंद होताना रंग तांबूस होण्यासाठी दोन रंगछटांच्या चकत्या लागतात. ड्रायव्हर सरळ करंट कमी करणारा हवा, किंवा त्याची चालू-बंद होण्याची वारंवारिता सेकंदाला काही हजार तरी हवी. स्वस्त दिव्यांत ती १०० असते. पिंप मिनिटाला ६ फेऱ्या घेत असेल तर ३ मीटरवरचा ठिपका सेकंदाला सुमारे १.९ मीटर धावतो आणि दर झबक्यामागे १.९ सेंटिमीटर उडी घेतो. नेमक्या कडेचा ठिपका मग दातेरी होऊन सरकतो. डोळ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी बिनसल्याचं कळतं.

तिसरा फरक कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि त्याचा एलईडीशी संबंध नाही. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जर्मनीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. न्यूयॉर्कला बनलेलं यंत्र युरोपात आलं की ट्रान्सफॉर्मर लावतात आणि काम झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. सिंक्रोनस मोटर हर्ट्झवर, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर, धावते. ६० ची मोटर ५० वर एक षष्ठांशाने हळू चालते, वर जास्त तापते. जर्मनीची मोटर अमेरिकेत २० टक्के जास्त वेगाने पळते. मूकपटांची आठवण काढा: फाळक्यांच्या काळातले सेकंदाला १६ च्या आसपास चौकटींवर घेतलेले चित्रपट पुढे २४ वर दाखवले गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या समजत राहिल्या की त्या काळची माणसं पडद्यावर अशीच टुणटुण चालायची. प्रकाशनृत्याबद्दल ‘जरा जास्तच भिरभिरतं’ किंवा ‘झोप येते’ असं लिहिणाऱ्या समीक्षकाने आधी मोटरवरची पाटी वाचली होती का? तिच्यावर हर्ट्झ छापलेले असतात. फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर लावला की मूळची गती परत येते, मोटर न बदलता.

व्होल्टेजचंही असंच. जर्मनीत पूर्वी २२० व्होल्ट होते, आता २३०. ‘आम्ही जुन्या साठ्यातले अस्सल बल्ब लावतो’ असं अभिमानाने सांगणारे २२० चे बल्ब २३० वर जाळतात. उजेड सुमारे १६ टक्के वाढतो आणि आयुष्य जवळपास निम्मं होतं. मौल्यवान साठा अशा रीतीने दुप्पट वेगाने संपतो, आणि भिंतीवर पीनेने पाहिला त्याहून पांढरा उजेड पडतो. उलट व्होल्टेज ५ टक्के उतरवलं तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं, पण उजेड १६ टक्के घटतो आणि तांबूस होतो. शिवाय थंड फिलामेंटचा रोध गरम फिलामेंटच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो, म्हणून बल्ब बहुधा पेटतानाच जातो. रोज सकाळी एकदम झटका न देता काही सेकंदांत चढवत नेलं तर बरेच बल्ब वाचतात. (टायमरच्या आतल्या सर्किटांना हे करू नका, तिथे तालच बदलेल.) ‘मूळ’ या शब्दाची शपथ घेणाऱ्यांनी व्होल्टमीटर हाती घेतला असता तर निम्मा वाद आपोआप मिटला असता.

‘पण पीने स्वतःच नव्या तंत्रज्ञानाचा माणूस होता’, हा दुसऱ्या तटाचा हुकमी एक्का. एमआयटीत वीसहून जास्त वर्षं शास्त्रज्ञांच्या शेजारी काम केलेला, लेझर आणि हेलियम वापरलेला माणूस एलईडीला का नाकारेल? नाकारला नसता, हे उघड आहे. पण हातातल्या दिव्याकडून मोटरकडे गेला तेव्हा त्याने १९५९ चं काम १९६० च्या नावावर दुरुस्त केलं नाही, नवं काम केलं. २०१० मध्येही तो नव्या सालाची नवी प्रकाशयंत्रं बनवत होता, ‘एक घनमीटर प्रकाश काळा’ हे त्यांतलंच. बदलण्याचा अधिकार कलाकाराचा होता, आणि १७ जुलै २०१४ नंतर तो वारशाने संग्रहालयाच्या वायरमनकडे आलेला नाही. ‘तो असता तर’ हे वाक्य नेहमी बोलणाऱ्याच्या सोयीचंच उत्तर देतं.

सुधारणेच्या नावाखाली काय होतं, याचा धडा संगीतात आधीच गिरवून झाला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं तारा छेडून वाजणारं वाद्य, पुन्हा वाजू लागलं, तेव्हा पॅरिसच्या प्लेएल कंपनीने १९१२ मध्ये पियानोच्या तंत्राने मजबूत केलेलं जड वाद्य काढलं. वांडा लांडोव्हस्का त्यावर वाजवी, आणि लोकांना वाटे की बाख आता कुठे नीट ऐकू येतोय. पुढच्या पिढीतल्या कारागिरांनी जुनी वाद्यं उघडून मोजली, हलक्या लाकडाची वाद्यं तशीच बनवली, आणि मग कळलं की त्या जड मजबुतीने नाद खाल्ला होता. प्लेएलचं वाद्य खोटं नव्हतं, ते १९१२ चं वाद्य होतं. तसंच दुधी एलईडी लावलेलं प्रकाशनृत्य हे आजचं काम आहे. पाटीवर १९६५ लिहिणं मात्र खोटं.

डॅन फ्लॅव्हिनचा दाखला इथे देऊ नये. त्याने दुकानातल्या ट्यूबलाइट तशाच लावल्या. कामाची ओळख प्रमाणपत्रावर, ट्यूब बदलायच्याच. त्याच्या ट्यूबांवर युरोपीय आयोगाने २०१० मध्ये ‘दिवाबत्तीचं सामान’ म्हणून कर लावला हे हास्यास्पद असलं, तरी बदलण्याच्या प्रश्नाला ते धरून होतं. पीनेचा दिवा त्याच्या कामाचा चेहरा नाही, उगम आहे. जवळचा दाखला व्हिडिओ-कलाकार नाम जून पाइकचा: दक्षिण कोरियात ग्वाचॉनच्या संग्रहालयातला १,००३ टीव्हींचा मनोरा २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा ७३७ जुने टीव्ही दुरुस्त करून ठेवले होते, २६६ च्या जागी सपाट पडदे आले होते. सरसकट एकच नियम नाही, आणि किती बदललं ते आकड्यासकट जाहीर. वादात उतरणाऱ्या प्रत्येकाने असे आकडे आधी टेबलावर ठेवावेत.

ते ठेवायचे तर यंत्र चालू असतानाच मोजमाप झालं पाहिजे. दहा फेऱ्यांना लागणारा वेळ घड्याळाने. प्रत्येक सर्किटचं पेटणं आणि विझणं, पूर्ण आवर्तनभर. भिंतीवर ठरवलेल्या बिंदूंवर पडणारा उजेड, लक्समध्ये. खोलीची मापं आणि भिंतीचा रंग, कारण चार मीटरवर वाढवलेली भिंत सगळं गणित बिघडवते. फोटो ठरावीक एक्स्पोजरवर, कारण आपोआप जुळवून घेणारा कॅमेरा मंद आणि तेजस्वी दोन्ही सारखंच दाखवतो. मोटरचा आवाजसुद्धा. बल्ब पारदर्शक की दुधी, किती वॅटचा, फिलामेंट होल्डरपासून किती उंचीवर. मोटरच्या दांड्याच्या बुशमध्ये तेल घालायचं तर दोन-तीन थेंब. जास्त घातलं की ओघळून धूळ धरतं आणि लोक मोटरला दोष देतात. हे करायला एक माणूस आणि दोन दिवस लागतात. बंद पडल्यावर यातलं काहीच मोजता येत नाही.

एका कामाबाबत मात्र मी दुसऱ्या तटात जातो. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला दाखवलेल्या ‘सूर्याच्या वाढी’त हाताने रंगवलेल्या हजारांहून अधिक काचेच्या स्लाइड्स अनेक प्रोजेक्टरांतून भिंतींवर टाकल्या जात. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. पण अडचण प्रोजेक्टरची नाही, जुने अजून मिळतात, दुरुस्तही होतात. अडचण रंगाची आहे. स्लाइडवरचा रंग दिव्यासमोर प्रत्येक सेकंदाला फिकट होतो आणि तो परत येत नाही, तो बल्बसारखा बदलता येत नाही. स्लाइडची स्लाइड काढायची तर त्यासाठीची फिल्म आता बाजारात नाही. २०१४ मध्ये बर्लिनच्या नॅशनल गॅलरीत हे काम डिजिटल रूपात रात्री उशिरापर्यंत दाखवलं गेलं, आणि तो निर्णय पीनेच्या हयातीतला आहे. तेव्हा मूळ स्लाइड्स अंधारात ठेवा, डिजिटल दाखवा. फक्त चित्र बदलताना प्रोजेक्टर जो अर्ध्या-पाऊण सेकंदाचा अंधार पाडत असे, तो काढून मधे गुळगुळीत विरघळ घालू नका. आणि काळा रंग खरोखर काळा दाखवणारा प्रोजेक्टर घ्या, कारण स्वस्त यंत्राचा काळा राखाडी असतो आणि सूर्याभोवती चौकोन दिसतो.